मदत हवी आहे: सिफूंना (गुरूंना) चहा देताना लाल पाकिटात किती पैसे घालायचे?

मी हाँगकाँगमध्ये शिकतो. दीड वर्षापासून एका वयस्कर सिफूंकडे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकतोय. 'सिउ निम ताउ' हा पहिला फॉर्म (हालचालींचा ठरलेला क्रम) झाला, दुसरा, 'चुम किउ', चालू आहे. आता त्यांनी 'बाय सी' करायला, म्हणजे रीतसर शिष्य व्हायला बोलावलंय. गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहाचा कप द्यायचा आणि लाल पाकीट द्यायचं, एवढं समजलंय.

सीहिंगला, म्हणजे थोरल्या गुरुबंधूला, आकडा विचारला तर "मनापासून दे" म्हणून हसला. खुद्द सिफू म्हणतात, काही नको. (आपल्याकडचं "कशाला, कशाला" असतं ना, तसंच वाटतंय!) ४ चा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा, म्हणून तो आकडा टाळायचा आणि ८ शुभ, हे माहीत आहे. नोटा कोऱ्या काढून ठेवल्यात. महिन्याची फी वेगळी देतो. पार्ट टाइम कमाईत ८८८ हाँगकाँग डॉलर जमतील, १८८८ नाही.

दुसरी अडचण: सहा महिन्यांनी मी पुण्याला परततोय आणि हे सिफूंना अजून सांगितलेलं नाही.

तिकडे कुणी बाय सी केलं असेल तर सांगा: ८८८ कमी दिसतील का? आणि परत जाण्याचं चहाआधीच सांगायचं ना?