'कॅम्प'ला छावणी म्हणावं की शिबिर?

लेखणी: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हुसकावलेल्या जपानी वंशाच्या कुटुंबांच्या मुलाखती मराठीत आणतोय. आज्या नुसतं 'कॅम्प' म्हणतात. मसुद्यात 'छावणी' आहे, संपादकांनी 'शिबिर' सुचवलंय.

अक्षरवाट: शिबिर नकोच. ते रक्तदानाचं, नाहीतर संस्कारवर्गाचं. छावणी चपखल आहे. सान्ता अनिता आणि टॅनफोरानच्या रेसकोर्सवर माणसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली होती. चारा छावणी आठवेल, आठवू दे.

बोलीभाषा: 'कॅम्प'च ठेवा. उल्हासनगरात आजही 'कॅम्प नंबर तीन'च म्हणतात. वक्त्याचा शब्द बदलायचा नाही, आपला शब्द प्रस्तावनेत घालायचा. 'इव्हॅक्युएशन' या सरकारी शब्दाचंही तेच. 'स्थलांतर' लिहिलं की पुरातून वाचवल्यासारखं वाटतं. सरकारला तेच हवं होतं. 'आम्हाला हलवलं' लिहा.

कलमदान: प्रस्तावनेत 'स्थानबद्धता' मात्र नको. कायद्यात ती शत्रुराष्ट्राच्या नागरिकांची, न्याय खात्याच्या ताब्यातली. न्यू मेक्सिकोतल्या सान्ता फेला तशी होती. मान्झानार, टुली लेक अशा दहा कॅम्पांतले सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेचेच नागरिक. हलवण्याच्या हुकमाच्या १९४२च्या भिंतीपत्रकांवर 'नागरिक' शब्द टाळून 'एलियन आणि नॉन-एलियन' छापलं होतं. ते 'परकीय व बिगरपरकीय' असं अवघडलेलंच राहू द्या, सुबक केलंत तर लबाडी झाकली जाईल. तुमचा शब्द 'बंदिवास'. ब्रिटिशांनी मलाया-सिंगापूरहून आणून दिल्लीच्या पुराना किल्ल्यात, मग राजस्थानात देवळीला ठेवलेल्या जपान्यांना 'स्थानबद्ध' म्हणा, तिथे तो बरोबर आहे.

लेखणी: आणि जपानी 'शिकाता गा नाई'? दर मुलाखतीत येतं. 'नाइलाज होता' केलंय.

शुद्धमती: 'इलाज' अरबी. 'निरुपाय' असताना उसनवारी कशाला? बाकी हे 'नाई' म्हणजे आपलं 'नाही'च.

कलमदान: योगायोग. जुनं रूप 'नाशि'.

शुद्धमती: मग तर 'नास्ति'च झालं!

कलमदान: नाही हो. संस्कृतशी खरा धागा 'गमान' या जपानी शब्दात आहे, म्हणजे मुकाट सोसणं. त्यातलं 'मान' हे अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत 'मान', म्हणजे अहंकार, यासाठी वापरलं. आधी 'गमान' म्हणजे गर्वच होता.

बोलीभाषा: शेतात राबलेल्या बाईच्या तोंडी 'निरुपाय'? 'काय करणार' लिहा.

शुद्धमती: 'काय करणार'मध्ये प्रश्न आहे, मूळ वाक्यात प्रश्न नाही.

बोलीभाषा: मराठीत तो प्रश्न कोणी उत्तरासाठी विचारत नाही.

अक्षरवाट: मग 'गमान'ला काय, 'सोशिकपणा'? त्यात गर्व कुठे उरतो?