मोमेंट डिस्ट्रिब्युशन: पोर्टल फ्रेमचं उत्तर जुळत नाही, मदत हवी आहे (अर्जंट)

केटीवीर
उद्या सबमिशन आहे म्हणून थेट विचारतो. गणित मोमेंट डिस्ट्रिब्युशनने (सांध्यांवरचे मोमेंट टप्प्याटप्प्याने वाटत जाण्याची पद्धत) सोडवायचंय. पोर्टल फ्रेम (दोन खांब आणि वर एक बीम), खांब ४ मीटर, बीम ६ मीटर, बीमवर २० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल (सारखा पसरलेला भार). बीमचा आय (छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया) खांबाच्या दुप्पट. कोपऱ्यांवर मोमेंट (वाकवणारा परिणाम) ३७.४ आणि ३०.६ किलोन्यूटन-मीटर येतंय, पुस्तकात मागे २८.९ आणि ३६.४ दिलंय. टेबल परत मांडलं, तेच येतं. पुस्तकातलं उत्तर चुकलंय का? "बेसिक वाचा" असं कृपया सांगू नका.

सळईसम्राट
खांब सारखे, भार सारखा, मग दोन कोपऱ्यांवर वेगळी उत्तरं येतीलच कशी? सिमेट्री वापरा. बीमची स्टिफनेस (ताठपणा) निम्मी धरायची, वाटणीचे फॅक्टर ०.६ आणि ०.४. फिक्स्ड एंड मोमेंट (टोकं जखडलेली धरून येणारा) ६०. एका फटक्यात ३६, पायथ्याशी १८. तुमचंही चूक, पुस्तकाचंही.

कटिंगचहा
३६ आणि ३६.४, जवळच आहे की. द्या लिहून.

गोदाकाठ
पायथे कसे आहेत? फिक्स्ड (जखडलेले) की हिंज (बिजागरीसारखे फिरणारे)?

केटीवीर
डाव्या खांबाचा पाया ए फिक्स्ड, उजव्याचा डी हिंज. वरचे कोपरे डावीकडे बी, उजवीकडे सी. आकृतीत आहे ना.

गोदाकाठ
कुठली आकृती?

केटीवीर
अपलोड होत नाहीये. बीला फॅक्टर ३/७ आणि ४/७, सीला ०.६४ आणि ०.३६. हिंजवाल्या खांबाची स्टिफनेस पाऊणपट घेतलीय, डीकडे कॅरी ओव्हर (दुसऱ्या टोकाला जाणारा हिस्सा) दिलेला नाही. तिथे चूक नाहीये, प्लीज पुढचं सांगा.

सळईसम्राट
हिंज आहे हे आधी सांगायला काय झालं होतं? उगाच माझा वेळ घालवला. असो, आडवा भार नाही म्हणजे स्वे (फ्रेमचं आडवं सरकणं) नाही. तुमचं बरोबर, पुस्तक चूक.

निवृत्त_अभियंता
हार्डी क्रॉस यांनी १९३० साली ही पद्धत मांडली तेव्हा संगणक नव्हता, म्हणून तिचं कौतुक. पण स्वे आला की दोन-दोन टेबलं करत बसावं लागतं. आम्ही कानी पद्धतीने एकाच टेबलात उरकायचो. हल्लीची मुलं कानीचं नावही काढत नाहीत.

केटीवीर
काका, प्रश्नातच "मोमेंट डिस्ट्रिब्युशनने सोडवा" लिहिलंय.

गोदाकाठ
सळईसम्राट, आडवा भार नसला तरी फ्रेम सरकते, ती सिमेट्रिक नसली की झालं. केटीवीर, तुझ्याच आकड्यांवर पडताळा घे. डावा खांब: बीला ३७.३६, एला त्याच्या निम्मे १८.६८. बेरीज भागिले ४, म्हणजे पायाशी १४.०१ किलोन्यूटन, उजवीकडे. उजवा खांब: ३०.५७ भागिले ४, म्हणजे ७.६४, डावीकडे. बाहेरून आडवं बल शून्य आणि इथे ६.३७ उरतंय. तू नकळत बीमच्या पातळीवर टेकू लावून गणित सोडवलंस. तुझं टेबल बरोबर आहे, पण गणित अर्धंच झालंय.

आता टेकू काढ. फ्रेम उजवीकडे, हिंजच्या बाजूला जाते. डेल्टा म्हणजे सरकणं, एल म्हणजे खांबाची उंची, ई म्हणजे मटेरियलचा इलॅस्टिक मोड्युलस. फिक्स्ड खांबाला दोन्ही टोकांवर ६ईआयडेल्टा भागिले एलवर्ग, हिंजवाल्याला फक्त वरच्या टोकाला ३ईआयडेल्टा भागिले एलवर्ग. प्रमाण २ ला १. डेल्टा माहीत नाही म्हणून मनाने आकडे घ्यायचे: एबीच्या दोन्ही टोकांना उणे २०, सीला उणे १०. बीमवर या वेळी काही नाही. फॅक्टर तेच ठेवून वाटून टाक. एला उणे १६.०४, बीला उणे १२.०८, सीला उणे ८.३० यायला हवं. तिन्हींची बेरीज भागिले ४, साधारण ९.१०. ६.३७ भागिले ९.१० म्हणजे ०.७०. दुसऱ्या टेबलाला ०.७० ने गुणून पहिल्यात मिळव.

स्टाडवाला
स्टाड सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं काम. २०२६ मध्ये हाताने कोण करतं?

गोदाकाठ
ज्याला सॉफ्टवेअरचं आउटपुट चुकलंय हे ओळखायचं असतं तो. डीला रिलीज (हिंजसारखं मोकळं सोडणं) द्यायला विसरलात तर स्टाडही निमूटपणे दोन्हीकडे सारखंच उत्तर देईल.

कटिंगचहा
स्लोप डिफ्लेक्शन पद्धत का नाही? अज्ञात तीनच: थीटा बी, थीटा सी (कोपऱ्यांचं फिरणं), डेल्टा. तीन समीकरणं तर कॅल्क्युलेटरच सोडवतो.

कोडबहाद्दर
एवढा खटाटोप कशाला? आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) च्या तक्ता १२ मधले मोमेंटचे गुणांक घ्या.

निवृत्त_अभियंता
तो तक्ता सलग बीमसाठी आहे, तोही तीन किंवा जास्त गाळे असतील आणि त्यांच्या लांबीत फार फरक नसेल तरच. पोर्टलला तो लावू नका, परीक्षेत शून्य मिळेल.

केटीवीर
३७.३६ उणे ८.४५ = २८.९१. सीला ३६.३७. एला ७.४६. जुळलं!!! सर म्हणाले होते, उभा भार असेल तर स्वे बघू नका.

गोदाकाठ
सिमेट्रिक फ्रेमबद्दल म्हणाले असतील. आणि बघ, २८.९१ अधिक ७.४६ म्हणजे ३६.३७, सीइतकंच. दोन्ही पायांशी ९.०९, उलट दिशांना. हा पडताळा उत्तराखाली लिहून दे. बीमच्या मध्यावर ९० उणे ३२.६, म्हणजे ५७.४.

सळईसम्राट
हिंज आधी सांगितलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

अंगणवेल
अवांतर: आमच्या गच्चीत चार खांबांवर पाण्याची टाकी बसवायची आहे. १२ ची सळई चालेल का?

निवृत्त_अभियंता
ताई, टाकी किती लिटरची?

केटीवीर
शेवटचं एक. बेंडिंग मोमेंट डायग्राम टेन्शनच्या बाजूला काढायचा की कॉम्प्रेशनच्या?

गोदाकाठ
तुमचे सर काढतात त्या बाजूला.