विषय: डनॉटरची सहल आणि गुडघ्यांचा प्रश्न

प्रेषक: वर्षा (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

यंदाच्या उन्हाळी सहलीसाठी डनॉटर नक्की केलं आहे. स्टोनहेवनच्या दक्षिणेला तीनेक किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या कड्यावरचा पडका किल्ला. अ‍ॅबर्डीनहून ट्रेनने स्टोनहेवन, तिथून बंदराच्या बाजूने टेकडी चढून युद्धस्मारकावरून पायी. ज्यांना एवढं चालायचं नाही त्यांच्यासाठी बस आहे, ती किल्ल्याच्या फाट्यावर थांबते. गाडीवाल्यांनी लवकर या, पार्किंग उन्हाळ्यात लगेच भरतं.

वारा जोराचा असेल तर किल्ला बंद ठेवतात, तेव्हा सकाळी वेबसाइट पाहूनच निघा. आत जायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. आधी खाली उतरायचं, मग वर चढायचं, परतताना पुन्हा तेच. बाबागाडी चालणार नाही.

ज्यांचे आई-बाबा सध्या इकडे आले आहेत त्यांनी गुडघ्यांची खरी परिस्थिती कळवावी. "बघू, जमेल" हे उत्तर धरलं जाणार नाही.

डबा आपापला, चहा मंडळाचा.

वर्षा

प्रेषक: प्राजक्ता

वर्षाताई, आमच्याकडून चौघं. सासूबाईंचं उत्तर नेमकं "बघू, जमेल" हेच आहे, त्यामुळे त्यांना वरच थांबणाऱ्यांत धरा. पण मग वर थांबून त्यांनी करायचं काय? ज्येष्ठ मंडळी गाडीत बसून पेपर वाचतायत आणि आपण आत फोटो काढतोय, हे मला नको आहे. त्यापेक्षा एडिंबऱ्याचा किल्ला का नको? तिथे स्कॉटलंडचा मुकुट तरी बघायला मिळतो. डनॉटरला छप्परसुद्धा नाही म्हणे.

प्राजक्ता

प्रेषक: अण्णा (मुलाच्या पत्त्यावरून)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याचा, सध्या मुलाकडे मुक्कामी. गुडघे ठीक आहेत, यादीत माझं नाव उतरणाऱ्यांत घालावं. कुठलाही किल्ला बघायचा म्हटला की मला चार गोष्टी आधी कळायला लागतात: पाणी कुठलं, मुख्य दरवाजा कुठे, चोरदरवाजा आहे का, आणि शेवटी किल्ला पडला कशाने: तोफेने, उपासमारीने की फितुरीने. जाणकारांनी कळवावं.

आपला,
अण्णा

प्रेषक: नंदूकाका

अण्णा, प्राजक्ता, दोघांना एकाच मेलमध्ये उत्तर देतो. लांबेल. ज्यांना फक्त बसची वेळ हवी आहे त्यांनी हे सोडून द्यावं.

आधी प्राजक्ताचं. ज्यांना उतरायचं नाही त्यांचं काही बिघडत नाही, उलट डनॉटरचं सगळ्यात चांगलं दर्शन वरूनच होतं. पार्किंगपासून कड्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. तिथे उभं राहिलं की समोर साधारण पन्नास मीटर उंचीचा, तिन्ही बाजूंनी समुद्रात तुटलेला सुळका, त्याच्या माथ्यावर सगळ्या इमारती पसरलेल्या, आणि जमिनीशी जोडणारी एवढीशी चिंचोळी खिंड. किल्ला इथेच का बांधला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. आत गेल्यावर मात्र हे दिसेनासं होतं, कारण आपण त्याच्यावरच उभे असतो. कड्याचा दगडही बघण्यासारखा आहे. लाल मातकट खडकात गोलमटोल गोटे असे रुतून बसलेत की शेंगदाण्याची चिक्की आठवावी. त्यातला एखादा गोटा निखळून पडला की राहिलेल्या खळग्यांत आणि कपारींत फुलमार पक्षी घरटी करतात. सासूबाईंना दुर्बीण द्या. दोन तास कसे जातात कळणार नाही, फक्त 'हार' म्हणजे समुद्रावरून येणारं धुकं चढलं नाही म्हणजे मिळवली.

आता अण्णांचं. पाणी: मधल्या मोठ्या चौकात गोल टाकं आहे, चांगलंच मोठं. दरवाजा: खिंडीतून वर चढताना कड्याच्या बेचक्यात, दोन्हीकडे खडक, वरून मारा करायला झरोके. आत शिरलं तरी लगेच माथा येत नाही, बोगद्यासारख्या वाटेने चढतच राहायचं. आपल्याकडच्या दरवाजांची रचना ज्याने पाहिली आहे तो इथे मनातल्या मनात मान डोलावणारच. समुद्राकडे उतरणारा एक चोरदरवाजाही आहे. बाकी घोड्यांच्या पागा, लोहारशाळा, भटारखाना, चॅपल, पाहुण्यांच्या खोल्या, असं अख्खं गाव वर होतं. सगळ्यात जुना उंच वाडा चौदाव्या शतकाच्या अखेरीचा, सर विल्यम कीथचा. चर्चच्या पवित्र जागेवर तो बांधला म्हणून बिशपने त्याला बहिष्कृत केलं होतं. १३९५ मध्ये थेट पोपकडून तो बहिष्कार उठवून आणावा लागला. हे कीथ म्हणजे 'अर्ल मारिशल', पिढीजात मानकरी. राज्याचा मुकुट, राजदंड आणि तलवार सांभाळणं हे त्यांच्या घराण्याकडे वतनासारखं चालत आलेलं काम.

आणि किल्ला पडला कशाने, तर तोफेने. पण तोफ चालण्याच्या आधीच जे मिळवायला शत्रू आला होता ते हातून निसटलेलं होतं. प्राजक्ता, एडिंबऱ्याला काचेपलीकडे जो मुकुट आहे ना, तो शाबूत राहिला तो इथे.

दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक स्कोन इथे १ जानेवारी १६५१ ला झाला. इंग्लंडचे राजालंकार राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या लोकांनी आधीच मोडून वितळवून टाकले होते, स्कॉटलंडचे हाती लागले असते तर त्यांचंही तेच झालं असतं. म्हणून ते डनॉटरला आणून ठेवले. सप्टेंबर १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या फौजेचा वेढा पडला. किल्लेदार जॉर्ज ओगिल्वी, हाताशी मूठभर शिबंदी. हिवाळाभर किल्ला लढला. जमिनीवरून चढून जायचा प्रश्नच नव्हता, आणि मोठ्या तोफा समुद्रमार्गे यायला पुढचं वर्ष उजाडलं.

मधल्या काळात, १६५२ च्या वसंतात, किनेफच्या पाद्र्याची बायको ख्रिश्चन फ्लेचर इंग्रज सेनापतीची परवानगी घेऊन किल्लेदाराच्या बायकोला भेटायला आत गेली. येताना मुकुट तिच्या कपड्यांखाली होता, आणि राजदंड आणि तलवार मोलकरणीच्या डोक्यावरच्या जवसाच्या धाग्यांच्या भाऱ्यात. म्हणे सेनापतीने स्वतः तिला घोड्यावर चढायला हात दिला. दुसऱ्या एका हकिकतीप्रमाणे अलंकार दोराने कड्यावरून खाली सोडले आणि शेवाळ गोळा करणाऱ्या बाईने ते टोपलीत घालून नेले. कोणती खरी यावर इतिहासवाल्यांनी भांडावं, पण दोन्हींत बाईनेच माल बाहेर काढला आहे, आणि इंग्रज पहारा दोन्ही वेळा बाई म्हणून फसला आहे. किनेफच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुकुट आणि राजदंड व्यासपीठाच्या पुढच्या फरशीखाली आणि तलवार बाकांखाली पुरली. तलवार लांब, लपवताना दोन तुकडे झाले. एडिंबऱ्याला नीट बघितलं तर तो सांधा दिसतो. दमटपणाने खराब होऊ नयेत म्हणून पाद्री आणि बायको मधूनमधून रात्री ते उकरून काढायचे, शेकोटीपुढे वाळवायचे आणि पुन्हा पुरायचे. आठ वर्षं. गावात एवढी गोष्ट पोटात राहिली, हे मला वेढ्यापेक्षा मोठं वाटतं.

मे १६५२ मध्ये तोफा आल्या, दहाएक दिवस भडिमार झाला आणि २४ मेला ओगिल्वीने तह केला. आत शिरल्यावर मुकुट नाही! किल्लेदार आणि त्याची बायको दोघांना कैदेत टाकलं, पण त्यांनी दाद दिली नाही. ती बिचारी त्यात गेलीच.

१६६० मध्ये परागंदा झालेला राजा परत आला तेव्हा श्रेय घ्यायला ही गर्दी. अर्लचा धाकटा भाऊ जॉन कीथ हा वेढ्याच्या काळात फ्रान्सला जाऊन "अलंकार मीच नेले" अशी हूल उठवून आला होता. त्याला पुढे अर्लकी मिळाली. ओगिल्वीला बॅरोनेटपद. ख्रिश्चन फ्लेचरला संसदेने २,००० मर्क (तेव्हाचं स्कॉटिश चलन) मंजूर केले. अर्लकी आणि दोन हजार मर्क, तोलून बघा.

म्हणून माझी सूचना: डनॉटर झाल्यावर गाड्यांनी दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर किनेफला जाऊया. चर्च आताचं १७३८ चं, पण जागा तीच. चढ-उतार जवळजवळ नाही, सासूबाई आमच्या आधी आत असतील. उघडं असेल का तेवढं वर्षाने आधी विचारून ठेवावं.

नंदूकाका

प्रेषक: शिरीष

काका, मेल मस्त. पण मुलांना नेणार असाल तर मुकुटाच्या गोष्टीबरोबर तळघराचीही सांगा. १६८५ मध्ये त्याच किल्ल्यात १६७ कव्हेनंटर (कट्टर प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक) कोंडले होते, १२२ पुरुष आणि ४५ बायका. गुन्हा एवढाच की धर्माच्या बाबतीत राजाला वरिष्ठ मानायची शपथ घेईनात. एक अंधारी लांबट खोली, पायाखाली चिखल, समुद्राकडे एक खिडकी. काहीजण त्या खिडकीतून कड्यावर उतरायला गेले, त्यातले काही पडून मेले. दोनेक महिन्यांनी उरलेल्यांतल्या बहुतेकांना जहाजात घालून अमेरिकेला पाठवलं, वाटेत तापाने माणसं पटापट गेली. खोली आजही आहे, आत उभं राहता येतं. मुकुट लपवला ज्या राजघराण्यासाठी, कोंडलं त्याच राजघराण्याच्या राज्यात.

आता दुसरी गंमत, ही अण्णांसाठी. किल्ला तोफेने पडला हे अर्धंच खरं. आज जी पडझड दिसते ती तोफेची नाही. शेवटचा अर्ल मारिशल जॉर्ज कीथ १७१५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठीच्या उठावात गेला, बंड फसलं, जहागीर जप्त झाली. किल्ला एका कंपनीला विकला आणि तिने छपरं, लाकूड, जे विकता येईल ते सगळं उपसून नेलं. म्हणजे वेढ्यात टिकलेला किल्ला शेवटी भंगारात गेला. विसाव्या शतकात, १९२५ पासून, लेडी काउड्रेने डागडुजी केली म्हणून आज आपल्याला फिरता तरी येतं.

ह्या जॉर्ज कीथच्या बहिणीची मुलगी लेडी क्लेमेंटिना फ्लेमिंग. तिचं लग्न लॉर्ड एल्फिन्स्टनशी झालं. तिचा नातू कोण? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट, खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्धचा सूत्रधार, मग दख्खनचा कमिशनर, १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर.

शिरीष

प्रेषक: अण्णा

शिरीषराव, हे वाचून चहा गार झाला.

५ नोव्हेंबर १८१७ ला संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली, त्यात एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह खाक झाला, एवढं मला पाठ आहे. त्याच्या आजीच्या आजोळची ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. आणि पुढच्याच वर्षी, तो दख्खनचा कमिशनर असताना, सह्याद्रीतल्या किती किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले! नाशिक-खानदेशाकडे फिरलेल्यांना ते कातळातले तुटके टप्पे माहीत असतील, जिथे आता दोर लावून चढावं लागतं. आजीच्या मामाचा किल्ला सरकारने जप्त करून विकला, आणि नातवाने ईस्ट इंडिया कंपनीसाठी आमचे किल्ले निकामी केले. रक्ताला काही वाटलं असेल असं समजण्यात अर्थ नाही, तो नोकरी करत होता.

एक भर माझ्याकडून. १७०७ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड एक झाल्यावर ते अलंकार एडिंबऱ्याला पेटीत बंद होते आणि लोक ते विसरलेच होते ना? ती पेटी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या खटपटीने उघडली फेब्रुवारी १८१८ मध्ये. त्याच साली जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. माल्कमही स्कॉटिशच. इकडे मुकुट सापडल्याचा जल्लोष, तिकडे आमची गादी गेली.

किनेफला मी येणार. त्या बाईला नमस्कार करायचा आहे.

अण्णा

प्रेषक: प्राजक्ता

एडिंबरा मागे घेतलं. सासूबाई विचारतायत, मोलकरणीचं नाव काय होतं आणि तिला किती मर्क मिळाले? नंदूकाका, उत्तर तयार ठेवा, त्या सोडणार नाहीत.

प्राजक्ता

प्रेषक: वर्षा (सहल समिती)

मंडळी, ठरलं. सकाळी डनॉटर, जेवण कड्यावरच्या गवतात सगळ्यांनी एकत्र, मग तीन वाजता गाड्यांनी किनेफ. किनेफच्या चर्चची देखभाल एक न्यास करतो, त्यांना विचारते आहे. बसने येणाऱ्यांची गाड्यांत वाटणी मी करते, कृपया आपापसांत ठरवून मला चार वेगवेगळ्या याद्या पाठवू नका.

आत जाणाऱ्यांबरोबर नंदूकाका, तळघरात बोलणार शिरीष. वर थांबणाऱ्यांबरोबर मी, दुर्बिणी दोन आहेत, अजून कुणाकडे असतील तर आणा. अण्णा, एल्फिन्स्टनचा विषय जेवणानंतर घ्या, नाहीतर मुलं डबा उघडूच देणार नाहीत.

कागदी प्लेट आणि पातळ भाजी दोन्ही घरी ठेवा. तिथल्या वाऱ्यात पोळीसुद्धा हातात धरून खावी लागते, आणि सीगल डबा उघडायची वाटच बघत असतात.

वर्षा