दुसरी हार्ड डिस्क घेतोय, बॅकअप आणि लिनक्स दोन्ही तिच्यावरच ठेवावं का?

सातारी_डीटीपी:
माझा डेस्कटॉप सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, विंडोज १०, २४० जीबीची साटा एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत नाही, म्हणून नेट आणि बँकेची कामं लिनक्स मिंट या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचीत. विंडोज सोडता येत नाही, कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर रोजच्या लग्नपत्रिका, बिलबुकं चालतात, बारा वर्षांच्या फाइली आहेत. २ टीबीची डिस्क कॅबिनेटमध्येच बसवायची, २०० जीबी मिंटला, उरलेल्यात बॅकअप. माझ्या मते एवढं पुरे आहे. तुम्हाला काय वाटतं?

वळीव:
दादा, नका करू असं. कॅबिनेटच्या आतली डिस्क म्हणजे बॅकअप नाहीच. मे महिन्यात वळवाचा पाऊस, लाईट गेली, आली, परत गेली, हाय व्होल्टेज आलं आणि आमचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उडाला तो दोन्ही डिस्क घेऊनच गेला. बाबांच्या एकसष्टीचे फोटो दोन्हीकडे होते, एकही राहिला नाही. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तरी तेच, विंडोजला दिसेल ती प्रत्येक डिस्क लॉक होते. एक्स्टर्नल घ्या, शनिवारी लावा, कॉपी झाली की काढून कपाटात.

जुना_रिपेअरवाला:
मला हे पटत नाही. माझ्याकडे एक्स्टर्नल डिस्क येतात त्या बहुतेक हातातून पडलेल्या, आणि ते शनिवारी लावायचं दोन महिने चालतं, पुढे दुकानाच्या गडबडीत कोण लावतंय. आतली डिस्क विंडोजच्या फाइल हिस्टरीला एकदा दाखवली की दर तासाला आपोआप कॉपी होते, माणसाच्या आठवणीवर काही राहत नाही. लोकांच्या फाइली जातात त्या जास्त करून एसएसडी मेल्याने किंवा चुकून डिलीट करून, आणि तिथे आतली डिस्कच वाचवते.
फक्त मिंट टाकताना एसएसडीची केबल काढून ठेवा. त्याचा इन्स्टॉलर बरेचदा दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींच्या भागात) टाकतो, मग उद्या नवी डिस्क काढली की मशीन ग्रबवर, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरवर, अडकतं.

मिंटवाली_ताई:
केबलचं अगदी बरोबर, पण मूळ मुद्द्यावर मी वळीव यांच्या बाजूने. लिनक्स नवीन शिकताना माणूस एकदा तरी परत इन्स्टॉल करतोच, आणि तेव्हा "इरेज डिस्क" वर क्लिक झालं की २०० जीबी नाही, अख्खी डिस्क जाते, बॅकअपसकट. ज्या डिस्कवर शिकायचंय तिच्यावर बारा वर्षांचं काम ठेवू नका, हात जोडून सांगते.
दुसरं म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं तर शटडाऊन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, मग विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन मिंटमध्ये नुसतं रीड-ओन्ली उघडतं आणि जबरदस्तीने लिहिलं तर फाइली खराब होतात. आणि मिंटमधल्या टाइमशिफ्टवर विसंबू नका, ते सिस्टिमचा बॅकअप घेतं, तुमच्या फाइलींचं होम फोल्डर नुसत्या डिफॉल्ट सेटिंगवर घेत नाही.

सातारी_डीटीपी:
ताई, इरेजचं डोक्यातच आलं नव्हतं. पण दोन नव्या डिस्कचं बजेट नाहीये. जुन्या लॅपटॉपची ३२० जीबीची डिस्क ड्रॉवरमध्ये पडून आहे, मिंट तिच्यावर टाकला आणि नवी २ टीबी एक्स्टर्नल घेतली तर?

मिंटवाली_ताई:
हेच करा. आधी त्या जुन्या डिस्कचं स्मार्ट स्टेटस (तब्येतीचा रिपोर्ट) बघा, बॅड सेक्टर असतील तर नको. मिंट तिच्यावर हळू चालेल, ब्राउझर उघडायला वेळ घेईल, पण बँकेच्या कामापुरतं चालून जाईल.

जुना_रिपेअरवाला:
डिस्क वेगळ्या केल्यात ते चांगलं, पण रोजच्या कॉपीचं माझं म्हणणं तसंच आहे. शनिवारी मशीनला आग लागली नाही तरी गुरुवारी एसएसडी गेली तर पाच दिवसांच्या पत्रिका परत बनवाव्या लागतील, आणि लग्नाची तारीख थांबत नाही. एक्स्टर्नल निदान रोज दुकान बंद करताना अर्धा तास लावा.

वळीव:
रोज लावा, हे मान्य. लावून ठेवू मात्र नका.

सातारी_डीटीपी:
रोज आठला शटर ओढायच्या आधी लावतो. विंडोज जुन्या लेगसी बूट मोडमध्ये आहे की नव्या यूईएफआय, ते उद्या बघून मिंट त्याच मोडमध्ये टाकतो, मग इथेच सांगतो काय झालं ते.