एकाकी न्यूट्रॉन ताऱ्याचा अंधुक प्रकाश: हाच तो, हे कसं ओळखतात?

मृगवेडा: दक्षिण मुकुट तारकासमूहातल्या आरएक्स जे१८५६ या एकाकी न्यूट्रॉन ताऱ्याबद्दल (स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा) वाचतोय. अंतर साधारण ४०० प्रकाशवर्षं, तापमान लाखो अंश, तरी प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितका तारा अंधुक) २५.६! एवढा तापलेला तारा इतका अंधुक का? आणि हा ठिपका त्याचाच, हे कशावरून? माझ्या १० इंची दुर्बिणीतून एखादा न्यूट्रॉन तारा टिपता येईल का?

रात्रपाळी: अहो, गोळा केवढा ते बघा! त्रिज्या जेमतेम १२-१३ किलोमीटर. त्यात बहुतेक ऊर्जा मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांत जाते, दृश्य प्रकाशाच्या वाट्याला शेपूट उरतं. म्हणून आधी तो रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाच्या नोंदींत सापडला. हबलने टिपलेला निळसर ठिपका १९९७ साली जाहीर झाला. शंका फिटली ती त्याच्या चालीमुळे: वर्षाला ०.३३ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) सरकतो. मागची दीर्घिका अशी सरकणार नाही.

मेख पुढेच आहे. क्ष-किरणांवरून बसवलेला कृष्णिकेचा (ब्लॅकबॉडी, म्हणजे निव्वळ तापमानामुळे प्रकाशणाऱ्या आदर्श वस्तूचा) आलेख दृश्य भागापर्यंत ओढला, तर प्रत्यक्षात अपेक्षेच्या कित्येक पट जास्त प्रकाश येतो. ‘मॅग्निफिसंट सेव्हन’, म्हणजे आरएक्स जे१८५६ सारख्या जवळच्या एकाकी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गटातल्या सातही ताऱ्यांचं हेच, ५ ते ५० पट. लहान भाग गरम आणि बाकीचा मोठा पृष्ठभाग थंड, हे नेहमीचं उत्तर. मला ते अर्धंच पटतं, कारण काहींच्या वर्णपटाचा उतार त्यात बसत नाही.

ध्रुवण: याच ताऱ्याच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएलटी (चिलीतली मोठी दुर्बीण) निरीक्षणाने हायझेनबर्ग-ऑयलरचं निर्वात द्विअपवर्तन, म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्रात पोकळीनेही प्रकाशाच्या कंपनदिशेनुसार वेगळं वागणं, सिद्ध झालं ना?

रात्रपाळी: सिद्ध म्हणू नका. ध्रुवीकरण (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत असण्याचं प्रमाण) १६ टक्के, त्रुटी ±५. काळ्याकुट्ट रात्रीही एका चौरस विकलेएवढं आकाश या ताऱ्याच्या तीसेक पट उजळ असतं. त्यात आलेले मोजके फोटॉन वेगवेगळ्या कोनांत वाटायचे. आकडा मिळाला हेच कौतुक.

मृगवेडा, तुम्ही क्रॅब नेब्युला (वृषभेतला, ताऱ्याच्या स्फोटाचा उरलेला ढग) धरा. मध्याजवळ दोन ठिपके शेजारी दिसतील, त्यातला नैर्ऋत्येचा पल्सार (स्पंदनं देणारा, फिरता न्यूट्रॉन तारा), प्रत १६.५. कॅमेरा लावून नक्की येईल. फक्त तो प्रकाश चुंबकावरणातला (ताऱ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रदेशातला), तापलेल्या पृष्ठभागाचा नाही.

मृगवेडा: लुकलुक दिसेल?

रात्रपाळी: सेकंदाला ३० वेळा लुकलुकतो, लांब एक्स्पोजरमध्ये सगळं सपाट होतं. ३३ मिलिसेकंदांच्या तालाशी जुळवलेली फिरती चकती कॅमेऱ्यापुढे हवी. ताल किंचित चुकवून ठेवा, म्हणजे ठिपका सावकाश उजळताना-मावळताना दिसेल.