आईचे उपास आणि कमी कर्बोदकांचं जेवण : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई सेलूजवळच्या गावात राहते, मी परभणीला. तिचं वय ५८, टाइप २ मधुमेह, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.८, वजन ७६ किलो आणि बरंचसं पोटावरच. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू आहेत. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक आहे. घर माळकरी, त्यामुळे अंडी-मटणाचा सल्ला कृपया देऊ नका.

तिचे सोमवार-गुरुवारचे उपास असतात, शिवाय दोन्ही एकादश्या. घरच्या मशीनवर तपासलं तर आठवड्यातली सगळ्यात जास्त साखर उपासाच्याच दिवशी येते, भाकर-वरण-पालेभाजीच्या दिवसापेक्षाही जास्त. येणारच ना! ताटात साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात आणि प्रथिनं जवळपास शून्य. ज्वारीत निदान १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि थोडा चोथा तरी मिळतो. घरातले सगळे तिला भाकर कमी कर म्हणतात, खिचडीबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून वाटलं, तिचे हेच दोन दिवस खरोखर कमी कर्बोदकांचे करावेत. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१३ मध्ये वजन जास्त असलेल्या ११५ बायकांवर असाच प्रयोग केला होता. आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस कर्बोदकं साधारण ४० ग्रॅमपर्यंत ठेवायची, बाकीचे पाच दिवस भूमध्यसागरी पद्धतीचं, वजन टिकेल एवढं जेवण. रोज थोडंथोडं कमी खाणाऱ्या गटापेक्षा या बायकांची चरबी जास्त उतरली आणि इन्सुलिनला शरीर दाद देत नाही ती अडचणही जास्त कमी झाली. पण तो प्रयोग मधुमेहींसाठी नव्हता. मधुमेहींवरचा ऑस्ट्रेलियातला प्रयोग २०१८ चा, १३७ जणांचा, वर्षभर चाललेला. त्यात आठवड्यातले दोन सुटे दिवस ५०० ते ६०० कॅलरींवर काढायचे होते. एचबीए१सी रोज कमी खाणाऱ्यांइतपतच सुधारलं, वेगळी जादू काही दिसली नाही. मला तेवढंही पुरेसं वाटतं, कारण रोजचं मोजमाप आईला जमणार नाही, उपास मात्र ती आयुष्यभर पाळत आलीय.

खरी अडचण ताटाची आहे. ती म्हणते, "भाकर चालना, साबुदाना बी नको म्हन्तीस, मग खाऊ तरी काय?" उपासाला डाळी चालत नाहीत, त्यामुळे मूग, हरभरा, पिठलं सगळं बाद. मी सुचवलंय ते असं: घरचं दही, पनीर, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, शेंगदाण्याची आमटी (भगरीशिवाय, वाटीतून प्यायची), राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी, थोडा लाल भोपळा. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं आहेत, पण तेलही भरपूर, त्यामुळे मूठभरच. यात आणखी काय घालता येईल? तुमच्याकडे उपासाला काय काय चालतं ते सांगा.

दुसरी काळजी ग्लिमेपिराइडची, आणि ती मोठी आहे. ही गोळी जेवण असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटातली कर्बोदकं एकदम कमी केली आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर खाली जाणार. आई उपासाच्या दिवशीही कापसात निंदायला जाते, बऱ्याचदा एकटीच. घाम फुटला, हात थरथरले तर जवळ कोण असणार? ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगातही साखर खाली नेणाऱ्या अशा औषधांचे डोस सुरुवातीलाच कमी केले होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीही सुरू करणार नाही, पण तिथे वेळ थोडा मिळतो. ज्यांच्या घरी हे केलंय त्यांनी सांगा: अशा दिवसांची गोळी डॉक्टरांनी कमी केली की बंद ठेवायला सांगितली? साखर दिवसातून कितीदा, कोणत्या वेळी तपासली?

आणि एक. सुरुवातीला काटा भराभर उतरतो त्यात बरंचसं पाणी असतं हे मला माहीत आहे, कारण यकृत आणि स्नायूंतल्या साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर (साखरेच्या साठ्याबरोबर) पाणीही निघून जातं. म्हणून मी टेपने कंबर मोजणार आहे आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) पुन्हा करणार आहे. यकृतावरच्या चरबीसाठी सोनोग्राफी आत्ताच करून ठेवावी का?

उपास सोडतानाचं ताट कसं ठेवता, तेही लिहा. आमच्याकडे सोमवारी रात्री भात आणि गोडाचं असतंच, आणि तिथेच सगळं परत वर जाईल अशी भीती आहे.