मदत हवी आहे: अन्ननलिकेचा कॅन्सर, रिपोर्टमधलं टीपी५३ कसं वाचायचं?

बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींमधला. परवा गाठीच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट आला: टीपी५३ मध्ये आर१७५एच हा बदल, शिवाय सीडीकेएन२ए गायब. दोन्ही जनुकं पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारी, एवढं कळलं. पण या कॅन्सरमध्ये टीपी५३ बहुतेकांचं बिघडलेलंच असतं ना? मग त्यावरून पुढचा अंदाज कितपत बांधायचा? मला वाटतं, स्टेज आणि लिम्फ नोडपर्यंत (लसिका ग्रंथींपर्यंत) पसरलाय का, हेच जास्त सांगतं. भाऊ मात्र टीपी५३च्या त्या एका ओळीवर अडून बसलाय, रात्री दोनलाही रिपोर्ट झूम करून बघतो. पीडी-एल१चा (इम्युनोथेरपी लागू पडेल का, याचा अंदाज देणारं प्रथिन) आकडा यायचाय. टीपी५३चा बदल गाठीपुरताच की आनुवंशिक, हे पाहायला रक्त तपासावं का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?